कोळंबीचं पान

मला किळस लवकर येते. माहेरी असताना दुधावरची साय ताटात आली तरी मी पानावरून उठायचे, आणि अजूनही शेजारी बसून कुणी खाकरलं की माझं जेवण तिथेच संपतं. नोकरी मात्र करते पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर. लोक विचारतात, तिथे कसं चालतं मग? तिथे चालतं, कारण तिथे जे काही येतं ते डबीत येतं, डबीला घट्ट झाकण असतं आणि आत काय आहे ते वर लिहिलेलं असतं. आमच्या हॉलमधल्या टाकीला यातलं काहीच लागू नव्हतं.

टाकी म्हणजे समुद्राच्या पाण्याची, दोन फुटांची. नवऱ्याचा छंद. पूनम सागर सोसायटीतल्या आमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये, त्याच्या आजीच्या फोटोच्या बरोबर खाली, मागे माणूस शिरेल एवढी जागा सोडून ती ठेवलेली. वर चंदनाच्या हारातली आजी, खाली निळ्या उजेडात दगड, दोन नारिंगी मासे आणि पाण्याची गुळगुळ. आलेगेले म्हणायचे, वा, काय सुंदर. ते समोरून बघायचे. मी मागून बघायचे, कारण तिथला केर मला काढावा लागायचा. मागच्या काचेवर तपकिरी बुळबुळीत थर, झाकणाच्या कडेला मिठाचे पापुद्रे, आणि पाणी गाळणाऱ्या यंत्राच्या डबीत साठलेला काळपट, कुजक्या वासाचा फेस. हा फेस नवरा दर रविवारी बेसिनमध्ये ओतायचा. त्याच बेसिनमध्ये मी तोंड धुते.

त्याचा जीव मात्र त्या टाकीत होता, आणि टाकीतही एका दगडात. त्या दगडावर हिरवी बटणं होती. खरं तर ते प्रवाळच, जिवंत, पण दिसायला शर्टाच्या बटणांसारखे आणि दुकानदारही त्यांना बटणंच म्हणतात. चार बटणं आणली होती त्याने, त्यांचा वाढून वाढून तळहाताएवढा गालिचा झाला. अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर साहेबाची बोलणी खाऊन आला की चपला काढायच्या आधी तो त्या दगडासमोर उकिडवा बसायचा. बटणं उघडी दिसली की त्याचा चेहराही उघडायचा. मला कौतुक नव्हतं असं नाही, पण लांबून होतं.

मग झिपरी आली. केबिन रोडच्या मागे मासे आणि पोपट विकणारं एक दुकान आहे, तिथून त्याने एक नवा दगड आणला आणि त्या दगडाच्या फटीत बसून ती घरात शिरली. नळीसारखं पारदर्शक अंग आणि डोक्यावर तपकिरी झिपऱ्या. तिचं खरं नाव इंग्रजीत आहे, नवऱ्याने मला बरेचदा सांगितलंय, पण मी पहिल्याच दिवशी झिपरी म्हटलं आणि घरात तेच चाललं. तिला काडी टेकवली की ती दगडात आत जाते. चिरली तर जितके तुकडे तितक्या झिपऱ्या होतात. आणि त्या झिपऱ्यांना डंख असतो. जिथे त्या टेकतात तिथली बटणं मिटतात, पांढरी पडतात आणि मग विरघळतात. विरघळतात हा शब्द मी जपून वापरतेय. काचेतून दिसायचं ते शेंबडासारखं होतं आणि पाण्याबरोबर हलायचं.

मी म्हटलं, औषध मार. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी घरातल्या माणसाला विष द्यायला सांगतेय. समुद्रात कोण औषध मारायला जातं, म्हणाला. तिथे प्रत्येकाला खाणारा कुणीतरी आहेच. झिपरीला खाणारंही आहे. ते आणायचं आणि बाजूला व्हायचं, बाकी निसर्ग बघतो. त्याचा हा निसर्ग आमच्या हॉलमध्ये सोफ्यापासून हातभर अंतरावर होता, त्यामुळे बाजूला व्हायला मला फारशी जागा नव्हती.

निसर्गाने आधी एक गोगलगाय पाठवली. समुद्रातली, बिनकवचाची, पांढरी, अंगभर केसाळ बोंडं असलेली. ती म्हणे फक्त झिपऱ्याच खाते, दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. कुरिअरने आली होती, मुंबईच्या पलीकडून कुठून तरी. नवऱ्याने तिला चमच्याने दगडावर ठेवलं आणि आम्हाला जोरात बोलू दिलं नाही. सकाळी ती दिसेना. संध्याकाळपर्यंत शोधली. शेवटी पंप उघडला तेव्हा तिची चटणी जाळीला लागलेली सापडली, आणि ती त्याने माझ्या जुन्या टूथब्रशने काढली. ब्रश जुना होता हे खरं, पण टाकलेला नव्हता.

सासूबाई त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आल्या. लालबागची त्यांची चाळ पाडायला घेतली होती. नवी इमारत उभी राहीपर्यंत मुलाकडे, असं ठरलं. झोपायला हॉलमधला दिवाण, पाय टाकीकडे. रात्रभर त्या निळ्या दिव्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडायचा. तक्रार काही नाही, पदर डोळ्यांवर ओढून घ्यायच्या. मला वाटायचं, त्या भिंतीला एक नीट खाट बसेल. ते कारण खरं होतं आणि टाकी घरातून जावी हेही खरं होतं, दोन्ही एकात बसत होतं. म्हणून मी नवऱ्याला सांगून टाकलं, दसऱ्यापर्यंत झिपऱ्या गेल्या नाहीत तर टाकी जाणार. कुठे जाणार तेही ठरलेलं होतं. वरसाव्याला पुलाजवळ नवऱ्याच्या ओळखीच्या एकाचं हॉटेल आहे, त्याला काउंटरशेजारी अशी टाकी हवीच होती. तंदूरचा धूर आणि मोठ्याने गाणी, माझी बटणं तिथे जगणारच नाहीत, नवरा म्हणाला. मग दसऱ्याच्या आत कर काय ते, मी म्हटलं.

सासूबाईंची एक सवय मला पहिल्यापासून खटकायची. आम्ही जेवून उठेपर्यंत त्या पान घ्यायच्या नाहीत. "तुम्ही बसा, मी नंतर." मग ओट्याशी उभ्या राहून, भिंतीकडे तोंड करून, पातेल्याला लागलेलं खरवडून वाटीतच कालवायच्या. गरम पोळी दिली तरी ती डब्यात ठेवून सकाळची काढायच्या. शेजारपाजारच्यांनी बघितलं तर म्हणतील, सून धड जेवू घालत नाही. मी गोडीने सांगितलं, रागावून सांगितलं. त्या हसायच्या आणि तसंच करायच्या. हट्टी आहेत, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आषाढात नवऱ्याने कोळंबी आणली. टाकीतली, खायची नव्हे. काचेसारखी आरपार, अंगावर तांबड्या रेघा, लांब मिशा, आणि आरपार असल्यामुळे तिच्या पोटात काय गेलंय ते बाहेरून दिसायचं. आपल्याला वर कातडी मिळालीय याबद्दल मी त्या दिवशी पहिल्यांदा देवाचे आभार मानले. ही कोळंबी झिपऱ्या खाते, पण एका अटीवर. तिला दुसरं काही मिळता कामा नये. जेवणाच्या टेबलाशी बसून नवऱ्याने आम्हा दोघींना नियम समजावले. माशांना चिमूटभर दाणे, तेही वरच्या वर गिळतील एवढेच, खाली कण पडू द्यायचा नाही. कोळंबी मागे लागेल, काचेवर येऊन पाय हलवेल, लक्ष द्यायचं नाही.

"पोट भरलं की ती काम करत नाही," तो म्हणाला.

सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. काय म्हणालास, त्यांनी विचारलं. त्यांना ऐकू कमी येतंय असं वाटून त्याने तेच वाक्य मोठ्याने पुन्हा म्हटलं. त्या राहिलेली जुडी निवडून उठल्या, देठं उचलली आणि आत गेल्या. मीही विसरून गेले.

कोळंबी कामाला लागली, निदान नवऱ्याचा तसा समज होता. रोज संध्याकाळी तो टॉर्च मारून तिचं पोट बघायचा. पोट भरलेलं दिसायचं. म्हणजे खातेय, तो खुशीत म्हणायचा. पण झिपऱ्या कमी होत नव्हत्या. एकीच्या दोन, दोघींच्या दहा अशा त्या दगडावरून खाली उतरून वाळूत, पंपाच्या नळीवर, काचेच्या कोपऱ्यात उगवत होत्या. आणि बटणांचा गालिचा एका कडेने झिजत चालला होता. नवऱ्याने माशांचे दाणे आणखी कमी केले. त्याला वाटलं, भूक पुरेशी पडत नाहीये.

श्रावणातल्या एका दुपारी मी डबा घरी विसरले म्हणून परत आले. लॅब हाकेच्या अंतरावर आहे. लॅच उघडून आत आले तर सासूबाई टाकीच्या मागे उभ्या. एका हातात पाण्याची वाटी, दुसऱ्या हातात नवऱ्याचा लांब चिमटा. वाटीत भाताची शितं होती, वरण धुऊन काढलेली. त्या एक एक शीत चिमट्यात धरून पाण्यात सोडत होत्या आणि ती कोळंबी काचेवरून सरसर वर चढून घेत होती. घेऊन पुन्हा पाय हलवत होती. "सावकाश," सासूबाई तिला म्हणाल्या. मग त्यांना मी दिसले. चोरी पकडली गेल्यासारख्या त्या अजिबात दचकल्या नाहीत. तिला भूक लागते, एवढंच म्हणाल्या. आणि श्रावण लागायच्या आधी तर बोंबलाचे तुकडे दिलेत, मसाला धुऊन, तेव्हा छान खायची, असंही सांगितलं. मी डबा घेतला आणि निघाले.

नवऱ्याला मी सांगितलं नाही. आई आणि मुलात वाद कशाला लावायचा, असं मी लॅबला जाताना स्वतःला पटवलं. ते खरं नव्हतं. खरं असं होतं की कोळंबीचं पोट भरलेलं राहिलं तर झिपऱ्या राहतील, झिपऱ्या राहिल्या तर दसऱ्याला टाकी जाईल, आणि त्यासाठी मला काहीच करावं लागणार नव्हतं. सासूबाई माझंच काम करत होत्या. त्या का करताहेत, हा प्रश्न मला पडला नाही.

त्या भाताने जे व्हायचं ते झालं. गणपती होऊन गेल्यावर एका संध्याकाळी वीज गेली. पंप बंद पडला की पाण्यातली हवा संपते, म्हणून नवरा समोर बसून मगाने पाणी ढवळत होता आणि मला म्हणाला, मागून जरा टॉर्च धर. मी टॉर्च धरला. दगडाच्या मागे, जिथे समोरून काही दिसत नाही तिथे, शितं साचली होती. फुगलेली, त्यांच्यावर पांढरी लव आलेली. आणि त्या शितांवर किडे होते. गुलाबी, बोटाएवढे, दोन्ही बाजूंनी केसाळ पाय, एकमेकांत गुंतलेले. एक शीत दोघं दोन बाजूंनी ओढत होते. उजेड पडताच ते दगडाच्या भोकांतून मागे सरकले, पण शीत सोडलं नाही, शीतासकट आत गेले. त्याच वेळी बंद पाण्याचा वास आला, कुजक्या करंदीसारखा. मी टॉर्च त्याच्या हातात कोंबला आणि बाथरूममध्ये जाऊन ओकले.

बाहेर आले तेव्हा मी फक्त एवढंच सांगितलं, मागे किडे झालेत. ते वाईट नसतात, नवरा म्हणाला, साफसफाई करतात. मग स्वतःशीच पुटपुटला, पण यांना एवढं खायला मिळतं कुठून? स्वयंपाकघरात सासूबाई मेणबत्ती लावत होत्या. त्यांनी ऐकलं असणार. दुसऱ्या दिवशी दगडाच्या मागची घाण काढायला मी हातमोजा घातला तर त्यातूनही किड्याचा एक केस बोटात घुसला आणि ते बोट आठवडाभर चुरचुरत राहिलं. बटणांचा दगड तोपर्यंत अर्धा पांढरा झाला होता. नवरा आता ऑफिसातून आल्यावर त्याच्यासमोर बसत नव्हता. लांबून एक नजर टाकायचा आणि हातपाय धुवायला जायचा.

मग पितृपक्ष आला. सासऱ्यांच्या तिथीला कावळा पटकन शिवला, आम्ही वेळेवर जेवलो. आजीची, म्हणजे सासऱ्यांच्या आईची, तिथी त्यानंतर. आजीचं नाव निघालं की नवरा हळवा होतो. शाळेतून आला की ती म्हणे डब्यातला बेसनाचा लाडू त्याच्या हातावर ठेवायची आणि तो खाईपर्यंत समोर बसायची. म्हणून त्या दिवशी पानावर भात, वरण, खीर, वडे, अळूवडी, भोपळ्याची आणि गवारीची भाजी, आणि वर बेसनाचे लाडू. हे सगळं मी आणि सासूबाईंनी पहाटेपासून केलं. आजीचं पान कावळ्याने शिवल्याशिवाय घरात कुणी तोंडात काही घालायचं नाही, हा नियम. चहासुद्धा नाही.

आमच्या खिडक्यांना कबुतरांसाठी जाळ्या आहेत, म्हणून पान गच्चीवर न्यावं लागतं. आम्ही दोघं घेऊन गेलो. कावळा आलाच नाही. आली ती कबुतरं. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आमच्या विंगमधल्या एक गुजराती काकी रोज कबुतरांना ज्वारी टाकतात, त्यामुळे आमच्या गच्चीवर कबुतरांचंच राज्य आहे. "अब कौआ कहाँ दिखता है भाई, सब कबूतर ही कबूतर," काकी म्हणाल्या आणि आणखी एक मूठ टाकली. नवरा हात जोडून उभा राहिला. इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही म्हणतात, मग जिवंत माणसाने काहीतरी कबूल करायचं असतं. आजी, सगळं ठीक आहे, तो म्हणाला. आईला नीट सांभाळतो. एक कबुतर खिरीत उतरलं. पाय झटकत वड्यावर चढलं आणि अळूवडीच्या शेजारी शिटलं. दुसरं पान वाढून आणू, नवरा म्हणाला, आणि आम्ही खाली आलो.

दार उघडंच होतं. सासूबाई टाकीच्या मागे उभ्या होत्या. वाटी, चिमटा, भाताची शितं.

नवऱ्याला सगळं एकदम कळलं. त्याचा आवाज कधी चढत नाही, त्या दिवशीही फार चढला नाही, पण तो थांबेना. आजीचं पान अजून शिवलेलं नाही, सगळं घर उपाशी आहे, आणि शिजवलेल्या अन्नातलं पहिलं शीत तू टाकीत टाकलंस? म्हणजे इतके महिने हे चाललंय. म्हणून तिचं पोट भरलेलं. म्हणून किडे. माझा दगड गेला, आई. वर्षानुवर्षं वाढवलेला दगड गेला.

"किती वेळा सांगितलं तुला, पोट भरलं की ती काम करत नाही."

सासूबाईंनी वाटी टाकीच्या झाकणावर ठेवली. चिमटा पदराला पुसला.

"हे तुझं वाक्य नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचं आहे." त्यांनी बोट दाखवलं नाही, नुसतं वर बघितलं, फोटोकडे. "तू पोटात होतास. शेजारच्या बाई म्हणाल्या होत्या, सूनबाईला दिवस गेलेत, तिला आधी जेवायला घालत जा. तेव्हा त्यांनी सांगितलं. माझ्यादेखत. शब्द हेच."

नवरा फोटोकडे बघत होता, मग त्याने नजर काढून घेतली. एवढ्या वर्षांनीही सासूबाई 'त्यांनी' म्हणत होत्या, 'तिने' नाही, हे माझ्या लक्षात आलं.

"मग तू कधी जेवायचीस?" त्याने विचारलं.

"सगळ्यांची पानं उठली की. उरलं तर." नळाला पाणी कधी येतं ते सांगावं तशा आवाजात त्या बोलल्या. "काम केलं मी. तू झालास. मूठभर झालास, पण झालास."

मला तेव्हा जी किळस आली तशी त्या किड्यांनीही आली नव्हती. पहाटे उठून ज्या हातांनी मी ते लाडू वळले होते त्या हातांना अजून तुपाचा वास होता, आणि मला ते हात धुवावेसे वाटले. ज्या बाईला हे लाडू आवडायचे म्हणून आम्ही उपाशी उभे होतो, तिचं वाक्य माझ्या नवऱ्याने कधी ऐकलंही नसेल. तरी ते तसंच्या तसं त्याच्या तोंडी आलं होतं. त्याला कोळंबीच्या पोटाचा रंग माहीत होता. आई ओट्याशी काय खाते ते माहीत नव्हतं. आणि मला ते दिसत होतं, मी त्याला हट्ट म्हणत होते.

नवरा स्वयंपाकघरात गेला. त्याने ताट घेतलं, भात घातला, वरण घातलं, भोपळ्याची भाजी कुठे आहे ते त्याला सापडेना, मी दिली. ताट टेबलावर ठेवून त्याने खुर्ची ओढली.

"बस."

"कावळा शिवला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग तुम्ही बसा, मी नंतर."

"नाही. आधी तू."

त्या बसल्या. खुर्चीच्या कडेवर. आम्ही दोघं समोर उभे होतो ते त्यांना जमेना, म्हणून त्यांनी खुर्ची थोडी फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून जेवल्या. भराभर जेवल्या, कुणी मध्येच उठवेल असं वाटत असल्यासारख्या. लाडू त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला होता, तो तसाच राहिला. गच्चीवरचं पान संध्याकाळी मी उचलून आणलं. कबुतरांनी ते पुसून काढलं होतं.

दसऱ्याच्या साफसफाईत मी आजीचा फोटो पुसायला खाली घेतला आणि परत लावला नाही. नवऱ्याने विचारलं नाही. सासूबाईंनी विचारलं, त्या कुठे गेल्या? कपाटात ठेवल्यात, मी म्हटलं. हार काढून ठेव, त्याला कसर लागते, त्या म्हणाल्या, आणि तो विषय तिथे संपला.

वरसाव्याचा हॉटेलवाला दसऱ्यानंतर माप घ्यायला आला. नवऱ्याने आढेवेढे घेतले नाहीत. बटणांतलं जे काही उरलं होतं त्याच्याकडे बघून तो म्हणाला, घेऊन जा. हॉटेलवाला खूश. मासे छान आहेत, म्हणाला, ते झिपरं गवत काढून टाकू, आत प्लॅस्टिकची झाडं लावू. मी सहज विचारलं, आणि कोळंबी? तो हसला. "कोळंबी आमच्याकडे तव्यावर असते, वहिनी." सासूबाई दिवाणावर बसून वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, फक्त वात वळणं थांबवलं. टाकी द्यायची नाही, मी म्हटलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, हॉटेलवाल्याने टेप गुंडाळली, आणि मी चहा टाकायला गेले. कधीपासून ज्याची वाट बघत होते ते दारात येऊन उभं होतं आणि मीच ते परत पाठवलं, याचा मला आजही राग येतो.

टीव्ही आता भिंतीवर आहे आणि त्याच्या जागी सासूबाईंची खाट. निळा दिवा संध्याकाळीच बंद होतो. दिवाळीपर्यंत शेवटचं बटण गेलं. आता टाकीत झिपऱ्याच झिपऱ्या आहेत, दगडांवर, काचांवर, पंपावर. दोन मासे त्यांच्यातून वाट काढत फिरतात आणि एक जाडजूड कोळंबी रिकामटेकडी मिशा हलवत बसलेली असते. पाहुणे आता सुंदर म्हणत नाहीत. मीही आता मागच्या काचेकडे बघत नाही.

पण दुपारी जेवायला घरी मीच येते. नवरा ऑफिसात असतो, सासूबाईंचे हात हल्ली कापतात, चिमट्यातलं शीत पडतं आणि किड्यांकडे जातं, म्हणून ते काम माझ्याकडे आलंय. मी आधी दोन पानं वाढते. मग भाताची शितं धुते, नाक वर करून चिमटा पाण्यात घालते, आणि कोळंबी माझ्या बोटांपाशी येऊन, मिशा लावत, घास घेते. तिच्या आरपार पोटात तो पांढरा घास उतरताना दिसतो. माझ्या अंगावर काटा येतो, रोज येतो. मग मी हात साबणाने धुते, दोनदा.

सासूबाई तोपर्यंत उभ्याच असतात, ओट्याशी.

"तिचं झालं का?" त्या विचारतात.

"झालं, आई. बसा."

मग त्या बसतात.